नाव विकत घेण्याआधी बुडवून पाहा

घाटंजीत बसून नावेवर लेख लिहायचा म्हटले की चार लोक हसणारच. इथे समुद्र नाही, बंदर नाही. गावाजवळून वाघाडी नदी वाहते आणि तिच्यावर मातीचे एक धरण आहे. कापूस, तूर आणि सोयाबीनच्या या मुलखात नावेचा विषय कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडला तर तो चुकीचा नाही. परंतु नकाशा उघडून पाहिला तर उत्तर मिळते. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा आहे आणि पूर्वेकडून वर्धा नदी वाहते. जिल्ह्याच्या पोटात अरुणावती आणि बेंबळा ही धरणे आहेत, पुसदच्या बाजूला इसापूरचा अथांग जलाशय आहे. या पाण्यात जाळे टाकणारा भोई-धीवर समाज आहे आणि पुराच्या दिवसांत वेढली जाणारी गावे आहेत. २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पुराने वेढले, ४५ माणसे अडकली आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरची मदत मागवण्याची वेळ आली. समुद्र नसलेल्या जिल्ह्यातही माणसाचा जीव पाण्यावर टांगलेला असतो, हे आपण त्या दिवशी पाहिले.

विदर्भातल्या दोन घटना आठवा. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्याच्या वरुड तालुक्यात श्रीक्षेत्र झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जण बुडाले. नातलगाच्या दशक्रियेच्या निमित्ताने एकत्र आलेली ही माणसे होती. एका दुःखासाठी जमलेल्या कुटुंबांवर दुसरे त्याहून मोठे दुःख कोसळले. पुढे २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली. त्या नावेत शेतमजूर महिला होत्या. नदीच्या पलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडायला त्या निघाल्या होत्या. सहा महिला परत आल्या नाहीत. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात सापडली. सहा जणांचा अंत झाला, त्यात लहान मुले होती. एकजण पोहून काठाला लागला म्हणून घटना लगेच कळली. शोधपथकाला ती बोट नंतर सापडली ती पाण्याच्या तळाशी.

या शेवटच्या वाक्यापाशी आम्ही थांबतो, कारण आजच्या लेखाचा विषय तेवढाच आहे. अपघातानंतर वर्तमानपत्रांत जी चर्चा होते ती ठरावीक असते. नावेत जास्त माणसे होती, नावाड्याने ऐकले नाही, लाइफ जॅकेट नव्हते, वारा सुटला. हे सगळे खरे आहे. परंतु एक प्रश्न कुणी विचारत नाही. नाव उलटली किंवा तिच्यात पाणी भरले हे समजले, पण ती तळाशी का गेली? नाव पाण्यावर राहिली असती तर तिच्या काठाला धरून किती माणसे वाचली असती?

नाव ही बुडणारच, अशी आपली समजूत झालेली आहे. ही समजूत खोटी आहे. पाण्याने काठोकाठ भरलेली, उलटलेली, तळाला भोक पडलेली नावसुद्धा पाण्यावर राहू शकते. त्यासाठी देवाची कृपा लागत नाही, नशीब लागत नाही. तिच्या अंगात हलका, पाणी न शोषणारा फोम भरलेला असावा लागतो. ही माहिती नवी नाही. अमेरिकेत बोस्टन व्हेलर नावाच्या कंपनीने १९५८ साली १३ फुटांची छोटी बोट बाजारात आणली. तिच्या दोन कवचांच्या मध्ये फोम भरलेला होता. १९६१ मध्ये कंपनीचे मालक डिक फिशर यांनी ती बोट पाण्यावरच करवतीने मधोमध कापून दाखवली. बोटीचे दोन तुकडे झाले तरी ते तरंगत राहिले आणि त्याची छायाचित्रे ‘लाइफ’ या प्रसिद्ध नियतकालिकात छापून आली. पुढे १९७१ मध्ये त्या देशाने नौका सुरक्षेचा कायदा केला आणि त्याखालील नियमांनी २० फुटांपेक्षा लहान असलेल्या बहुतेक नव्या बोटींना पाणी भरल्यावरही तरंगत राहण्याची सक्ती केली. त्यात रविवारी हौसेने गळ टाकायला जाणाऱ्यांच्या बोटी मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे तिकडे हौसेने पाण्यात उतरणाऱ्याची बोट बुडू नये असा कायदा पन्नास वर्षांपूर्वी झाला, आणि आमची मिरची तोडणारी बाई पोटासाठी ज्या नावेत बसते ती तरंगलीच पाहिजे असे आजही कुणाला वाटत नाही.

यात विज्ञान अगदी सोपे आहे. आम्ही ते आमच्या घरी बादलीत करून पाहिले, वाचकांनीही मुलांना घेऊन करून पाहावे. स्टीलची वाटी पाण्यावर ठेवली तर तरंगते. तिच्यात पाणी भरले की सरळ तळाशी जाते. आता टीव्हीच्या खोक्यातील थर्माकोलचे दोन तुकडे घेऊन वाटीच्या काठाच्या खाली, दोन्ही बाजूंना बाहेरून बांधा आणि पुन्हा पाणी भरा. वाटी भरते, पण बुडत नाही, काठ पाण्याच्या पातळीला ठेवून सरळ उभी राहते. हेच तुकडे वाटीच्या बुडाला बांधले तर काय होते? वाटी तळाशी जात नाही, परंतु पाणी भरताच उलटी होते. म्हणजे फोम हवा एवढे म्हणून भागत नाही. तो दोन्ही बाजूंना, जितका वर बसवता येईल तितका वर हवा. इंजिन असेल तर त्या टोकाला जास्त हवा. केवळ तळात भरलेला फोम नाव वाचवील, पण तिला पालथी करून माणसांना पाण्यात टाकील.

आता हिशेब पाहू. एक घनफूट पाण्याचे वजन सुमारे २८ किलो भरते. एक घनफूट फोमचे वजन जेमतेम एक किलो. म्हणून पाण्याखाली दाबलेला एक घनफूट फोम साधारण २७ किलोचा भार वर उचलतो. समजा ३०० किलो वजनाची पत्र्याची नाव आहे. लोखंड पाण्यापेक्षा पावणेआठ पट जड असल्याने पाण्यात बुडाल्यावर त्याचे वजन आठव्या हिश्शाने कमी होते, उरतात सुमारे २६२ किलो. माणसाचे शरीर स्वतःच जवळजवळ तरंगते. गळ्यापर्यंत पाण्यात राहून नावेचा काठ धरणाऱ्या माणसाचे डोके वर राहायला सुमारे सात किलोचा आधार पुरतो. दहा माणसांचे झाले ७० किलो. एकूण ३३२ किलो. २७ ने भागा. साडेबारा घनफूटही लागत नाही. थोडी जास्तीची सोय म्हणून १५ घनफूट धरा. नावेच्या दोन्ही बाजूंना दहा फूट लांब, एक फूट रुंद आणि नऊ इंच उंच अशा दोन पेट्या केल्या तर त्यात हे १५ घनफूट मावते. या पेट्या वरून बसायच्या बाकाच्या कामी येतात. इंजिन असेल तर त्याचे वजन या हिशेबात मिळवावे. दहा माणसांचा जीव आणि मृत्यू यांच्यामध्ये दोन बाकांएवढी जागा आहे, हे समजून घेतले पाहिजे.

हा फोम कोणता? एक आपल्या सर्वांच्या ओळखीचा, थर्माकोल. तो स्वस्त आहे, पण पेट्रोल लागले की विरघळतो, उन्हाने भुगा होतो, उंदीर आणि मुंग्या त्यात घर करतात आणि त्याचा चुरा पाण्यात जाऊन मासे व गुरांच्या पोटात शिरतो. म्हणून तो उघडा लावू नये, बंद पेटीत ठेवावा आणि इंजिनापासून दूर ठेवावा. दुसरा पॉलियुरेथेन फोम, जो फ्रीजच्या भिंतीत भरलेला असतो. दोन द्रव मिसळून ओतले की तो फुगतो आणि कोपरा न् कोपरा भरतो. पेट्रोलला तो बऱ्यापैकी दाद देत नाही. मात्र बसायच्या गादीतला स्पंज याच जातीचा असला तरी तो पाणी पितो, त्याचा इथे उपयोग नाही. ज्याचा प्रत्येक बारीक कप्पा बंद आहे असाच फोम हवा. पत्र्याच्या नावेचे वेल्डिंग फोम भरण्याआधी पूर्ण करावे. नंतर वेल्डिंग केले तर फोम पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. चांगला फोमसुद्धा वर्षानुवर्षे पाण्यात राहिला तर हळूहळू ओलावा धरतो, म्हणून दरवर्षी नाव बाहेर काढून वाळवावी. नाव पहिल्यापेक्षा बरीच जड लागू लागली तर फोम भिजला असे समजून तो बदलावा.

कुणी म्हणेल, रिकामे प्लास्टिकचे डबे बांधले तर? जरूर बांधावेत. झाकण घट्ट असलेला २० लिटरचा रिकामा डबा सुमारे १९ किलोची उचल देतो. काहीच नसण्यापेक्षा ते कितीतरी चांगले. पण डब्याला चीर पडली की त्यातली हवा जाते आणि उचल संपते. फोमला भोक पडले तरी तेवढाच तुकडा निकामी होतो, बाकीचा काम करीत राहतो. दोघांमधला फरक हा आहे.

आमचे आजोबा-पणजोबा काय फोम भरत होते, असाही प्रश्न येईल. त्याचे उत्तर फार बोलके आहे. जुना डोंगा लाकडाचा होता. लाकूड स्वतःच पाण्यापेक्षा हलके असते. शंभर किलो कोरडे सागवान स्वतः तरंगून वर आणखी पन्नास किलोचा भार पेलते. लाकडी डोंगा उलटत असे, पाण्याने भरत असे, पण बहुधा तळाशी जात नसे, बुडणाऱ्याच्या हाताला काहीतरी लागत असे. आता लाकूड महाग झाले, मिळेनासे झाले. त्याच्या जागी पत्रा आला आणि फायबर आले. फायबर म्हणजे काचेचे धागे आणि राळ. दिसायला हलके असले तरी ते पाण्यापेक्षा दीडपट जड असते. म्हणजे नाव बदलली तेव्हा लाकडाच्या अंगात असलेली सुरक्षितता आपल्या हातून गेली आणि तिच्या जागी दुसरी कोणती ठेवायची याचा विचार कुणी केला नाही. पत्र्याची किंवा फायबरची नाव फोमशिवाय वापरणे म्हणजे लोखंडाच्या कढईत बसून नदी पार करणे आहे.

फोम या राज्यात मिळतच नाही असे म्हणावे तर तेही खरे नाही. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या गंगापूर तालुक्यातील भिवधानोरा गावची बातमी देशभर गाजली. जायकवाडीच्या फुगवट्याचे पाणी ओलांडून त्या गावची लहान मुले शाळेत जात होती आणि जात होती ती थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून. पाण्यातले साप हाकलायला हातात काठी होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या बातमीची स्वतःहून दखल घेतली. १९७६ साली पूर्ण झालेल्या धरणाच्या काठावरच्या मुलांची ही अवस्था २०२३ मध्ये होती. उजनीच्या माणसांकडे बोट होती, तिला पाण्यावर धरून ठेवणारे काही नव्हते. भिवधानोऱ्याच्या मुलांकडे तरंगणारा थर्माकोल होता, त्याच्याभोवती नाव नव्हती. या दोन गोष्टी एकत्र आणणे एवढेच काम होते. ते काम करण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांना कधी त्या पाण्यातून जावे लागत नाही, आमच्या मते खरे कारण हे आहे.

धरणे कुणासाठी बांधली आणि पाण्याखाली कुणाची घरे गेली, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. ज्यांच्या गावाचा रस्ता धरणाने गिळला त्यांना नाव लागते. ज्यांच्या गावाला पूल मिळाला नाही त्यांना नाव लागते. ज्यांची मजुरी नदीपलीकडे आहे त्यांना नाव लागते. त्यात शेतमजूर महिला आहेत, धीवर-भोई आहेत, आदिवासी आहेत, आमचे बौद्ध बांधव आहेत. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेटवेजवळ ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकून १५ जणांचा जीव गेला. देशभरच्या कॅमेऱ्यांनी ते दाखवले आणि लाइफ जॅकेटची चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण वैनगंगेच्या सहा महिलांसाठी तेवढी चर्चा झाली का? त्यांच्या नावेत काय हवे होते, असे कुणी विचारले का?

या ठिकाणी बाबासाहेबांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. नद्यांचे पाणी सिंचन, वीज आणि जलवाहतूक या तिन्हींसाठी वापरले पाहिजे, असे धोरण त्यांनी आखले. १९४५ मध्ये जो केंद्रीय आयोग स्थापन झाला त्याच्या नावातच जलमार्ग, पाटबंधारे आणि नौवहन असे तिन्ही शब्द होते. आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळ तिथे आहे. कालांतराने नावातले नौवहन गळाले. सिंचनाचे पाणी कुणाला मिळाले आणि वीज कुठे गेली हा वेगळा लेख होईल. परंतु नदीतून जाणारा माणूस हासुद्धा जलनीतीचा विषय आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. २० मार्च १९२७ रोजी महाडला पाण्याला स्पर्श करण्याचा हक्क बजावला गेला. ते पाणी ओलांडून जिवंत घरी येण्याचा हक्कही त्याच माणूसपणाचा भाग आहे आणि संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाने तो आपल्याला दिलेला आहे.

कायदाही नाही असे नाही. २०२१ साली संसदेने अंतर्देशीय जलयान कायदा केला. १९१७ चा जुना कायदा त्याने रद्द केला. या नव्या कायद्यात इंजिन नसलेल्या साध्या नावांचाही विचार आहे, त्यांची मालकासह नोंद स्थानिक पातळीवर, अगदी ग्रामपंचायतीपर्यंत व्हावी अशी तरतूद आहे. त्याआधी २०१७ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने नौका सुरक्षेवर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढलेल्या आहेत. आमच्या वाचकांनी आपापल्या ग्रामपंचायतीत जाऊन विचारावे की गावातील किती डोंग्यांची नोंद झाली. उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्यावा. कागदावरचा कायदा पाण्यात उतरवल्याशिवाय तो कुणाला वाचवीत नाही.

म्हणून आमच्या मागण्या अगदी साध्या आहेत. शासनाच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या पैशातून जी नाव घेतली जाईल तिच्या निविदेत ‘पाणी भरल्यावरही माणसांसह तरंगली पाहिजे’ ही अट लिहावी. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांना नाव-जाळ्यासाठी अनुदानाची सोय करण्यात आली आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांसाठी तिचे प्रमाण ६० टक्के ठेवले गेले. अशा अनुदानातून येणारी नाव तरी फोमशिवाय येता कामा नये. प्रत्येक नावेच्या बाहेरच्या अंगावर तिची क्षमता मोठ्या अक्षरांत रंगवावी. जुन्या नावांना बाकाच्या पेट्या जोडण्याचे काम तालुक्याच्या आयटीआयमधून शिकून बाहेर पडलेल्या आपल्याच तरुणांना द्यावे, त्यांना रोजगारही मिळेल.

मच्छीमार सोसायट्यांना आमची एक विनंती आहे. नवी नाव ताब्यात घेण्याआधी ती बुडवून पाहा. कमरेएवढ्या पाण्यात न्या, वाळूची पोती ठेवा, काठोकाठ पाणी भरा आणि दहा माणसांनी काठाला लोंबकळून पाहा. संपूर्ण गावासमोर हे करा. नाव सरळ राहिली तर पैसे द्या. तळाला टेकली किंवा पालथी झाली तर विकणाऱ्याला परत करा. बैल घेताना आपण दात पाहतो, मटके घेताना वाजवून पाहतो. जिच्यात आपली लेकरे बसणार ती नाव न तपासता घेणे हे शहाणपणाचे नाही.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. फोम भरला म्हणून दहाच्या नावेत वीस बसवले तर नाव उलटणारच. फोम नाव उलटणे थांबवीत नाही, उलटल्यावर ती हाताशी ठेवतो. पोहता न येणारा माणूस खोल पाण्यात मिनिटभरही तग धरत नाही आणि मदत यायला तास लागतो. त्या मधल्या वेळात धरायला काहीतरी असावे, एवढेच फोमचे काम आहे. लाइफ जॅकेट हवेच. पुराच्या पाण्यात नाव न घालण्याचा विवेक हवाच. आणि खरा उपाय पूल हाच आहे, त्याची मागणी फोमच्या नावाखाली कुणी मागे ढकलू नये.

पण पूल होईपर्यंत बाया मजुरीला जाणारच आहेत. उद्या सकाळीही कुठल्यातरी नदीच्या काठावर, डब्यात भाकरी बांधून, सात-आठ जणी नावेत पाय ठेवतील. त्या नावेच्या दोन्ही बाजूंना फोमची पेटी आहे की नाही, हे आज संध्याकाळी कुणीतरी जाऊन पाहिले पाहिजे. आपल्या गावापुरते ते काम आपण करावे, अशी आमची वाचकांना विनंती आहे.